घोंगडीची पिन

उतरण लागली की घोडंच ठरवतं
पाय कुठं टाकायचा.
मी लगाम सैल सोडते.
हे कॉलेजात शिकवलं नव्हतं;
तिथं गुडघ्याचा कोन मोजायचा होता,
गुळगुळीत फरशीवर, आरशासमोर.

लेसोथोच्या या वरच्या अंगाला फरशी नाही.
सारवलेली जमीन, गोल घर, बुटकं दार,
आत धूर, आणि धुराच्या पलीकडे
न्ताते सेखोबे, भिंतीला टेकून.
पीचची झाडं फुलत होती तेव्हा उजवी बाजू गेली.
आता कड्यावर बर्फ आहे.

बावीस वर्षं सोन्याच्या खाणीत, दुसऱ्यांच्या देशात.
"पोरी, खालून वर यायला पिंजरा लागतो.
आणलायस?"
मी पिशवी उपडी करते :
रबराची पट्टी, हवा गेलेला चेंडू, रजिस्टर.
तो एका गालानं हसतो.

अंगणात पॉप्लरचे दोन वासे समांतर,
नातवानं, कामोहेलोनं, चामड्याच्या वादीनं आवळलेले.
यातून चालायचं, दोन्ही हातांनी धरून.
मी नसते तेव्हा तिथं वासरू बांधतात.
असू दे,
तेही उभं राहायलाच शिकतंय.

रकाना सात : रुग्णाचं उद्दिष्ट.
मी लिहायला घेते, दहा मीटर चालणे.
"चालून जाऊ कुठं?
मला घोंगडीची पिन लावायचीय. माझी मी.
बायकोनं पिन लावली की
माणूस राहत नाही, पार्सल होतो."

दहा मीटर खोडते.
लिहिते, पिन.

तेवढ्यात मालिनेओ डोक्यावरची बादली उतरवते
आणि तिचा श्वास
अर्ध्या वाटेत अडतो.
पाणी सांडत नाही. फक्त श्वास.
असा आवाज माझ्या ओळखीचा आहे,
मणक्याच्या अगदी खालून येतो.

नऊ महिने.
अंथरुणातून उन्हात, उन्हातून अंथरुणात,
एक अख्खा खाणकामगार
रोज चार वेळा उचलून.
माझ्या रजिस्टरात तिचं नाव
एकदाही नाही. ती फक्त दार उघडणारी,
चहा देणारी, "होतंय सगळं" म्हणणारी.

मी तिला चटईवर झोपवते.
"मी आजारी नाही, बाई. मी तर कामाची आहे."
हो. म्हणूनच.

मग तिघं मिळून नव्यानं उचलणं :
तू जवळ ये, अजून जवळ, गुडघे वाकव,
पाठ नको, पाठ नको म्हणते ना,
त्याच्या चांगल्या पायाला काम दे,
आणि न्ताते, तुम्ही मोजायचं, मोठ्यानं.
न्ग्वे. पेली. थारो.
आणि तो उठतो,
निम्मा तिच्या जोरावर,
निम्मा आकड्यांच्या.

उभ्यानंच घोंगडी मागतो.
उजव्या मुठीत काठ कोंबून दिला,
बोटं सरकतात, पुन्हा कोंबला.
डाव्या हातात पिन, बोटभर लांब,
दात ओठांवर,
बाहेर वासरू हंबरतंय.
पिन सुटते, वळते, आणि
उजव्या अंगठ्यात जाते.

खाणीतली शिवी.
ती इथं लिहिता येणार नाही.

आम्ही तिघंही गप्प.
तो अंगठ्याकडे बघतो,
रक्ताच्या बारीक मण्याकडे,
जणू परगावाहून कुणी आलंय
आणि ओळख पटत नाहीये.
मालिनेओ त्याच्या काखेत खांदा देऊन उभी,
म्हणते, "पुन्हा दे.
तीच शिवी. पुन्हा दे."

पिन काही लागली नाही त्या दिवशी.
संवेदनेच्या रकान्यात मी लिहिलं,
आहे. आवाजासकट.

परतताना खिंडीत वारा उलटा.
घोडं आपणहून थांबलं
की मीच लगाम ओढला, आठवत नाही.
मोजा काढला, पेन्सिल धरता येईना,
बोटांवर फुंकर घातली.
नवं पान.
नाव : मालिनेओ.
वय : विचारायचं राहिलं.
तक्रार : करत नाही.
उद्दिष्ट :